आई, तू आधीच मेलीयेस

आमच्या बाहेरच्या खोलीत मी पहिल्यांदा मेले तेव्हा लेक साडेचार वर्षांची होती. खेळ सुरू होण्याआधी भूमिका वाटून झाल्या. ती राजकन्या, हे ठरलेलंच. तिचा बाबा घोडा. मी विचारलं, ‘मग मी राणी का?’ तिनं माझ्याकडे पाहिलं, साधी गोष्ट न कळणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं. ‘आई, तू आधीच मेलीयेस. तू तिकडे बस.’

मी तिकडे बसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मेलेल्या बाईला कुणी पाणी मागत नाही, रिमोट कुठंय विचारत नाही. घोडा खोलीभर रांगत होता, त्याचे गुडघे सोलवटत होते आणि मी पाय पसरून वाचत पडले होते. पुढच्या आठवड्यात बढती मिळाली, मी सावत्र आई झाले. वाक्य एकच होतं, ‘आधी सगळं आवरून ठेव!’ ते मला तालमीशिवाय जमलं याचं लेकीला फार कौतुक वाटलं.

हसण्यावारी नेलं खरं, पण तो ‘आधीच’ डोक्यातून जाईना. मेलीयेस नाही, आधीच मेलीयेस. म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्याही आत. मरणाचा एखादा प्रसंगसुद्धा वाट्याला नाही. मग तिच्याबरोबर डिस्नेचे तेच ते राजकन्यांचे चित्रपट पुन्हा बघताना मी राजकन्येकडे पाहणं सोडलं आणि तिच्या आईबापांना शोधायला लागले.

१९३७च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये दोघंही नाहीत, आहे ती आरशाशी बोलणारी सावत्र राणी. १९५०च्या ‘सिंडरेला’त आई आधीच गेलेली आणि बाप सुरुवातीच्या निवेदनातच आटोपतो. १९८९ ते १९९२ या काळात ‘लिटल मर्मेड’ची एरियल, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची बेल आणि ‘अलादीन’ची जास्मिन आल्या. तिघींना बाप आहेत, आई एकीलाही नाही. जास्मिनच्या आईचा उल्लेख तेवढा एकदा होतो, तोही सुलतान वैतागून म्हणतो म्हणून, की हिची आई काही एवढी चोखंदळ नव्हती. बाई राजवाड्यात जगली, मेली, आणि मागे उरलं ते एवढंच. पोकाहॉन्टसची आई वारा होऊन येते. निदान येते तरी.

अपवाद म्हणावा तर १९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तली ऑरोरा. आई-बाप दोघंही धडधाकट. पण शापाच्या भीतीनं त्यांनी तान्ही पोर तीन पऱ्यांच्या हवाली केली. पऱ्या जादू बाजूला ठेवून जंगलात राहतात, तिला सोळा वर्षं वाढवतात, आणि ती त्यांना मावश्या समजते. (इंग्रजी शब्दाचा अर्थ आत्याही होतो, पण मी मावशीच ऐकलं. माय मरो पण मावशी जगो ही म्हण इतकी शब्दशः कुणी मनावर घेतलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.) शेवटी लेक जिना उतरून येते आणि आईच्या गळ्यात पडते. सोळा वर्षांनी भेट, आणि दोघींच्या तोंडून एक शब्द नाही. जागी झाल्यापासून ऑरोरा चित्रपटभर काही बोलतच नाही.

हे आईपण असं कापून का टाकलं? ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चे निर्माते डॉन हान यांनी एका मुलाखतीत याचं एक व्यावहारिक कारण सांगितलं होतं. गोष्ट ऐंशी-नव्वद मिनिटांची, त्यात पोरीनं मोठं व्हायचं, तर आईबाप उडवले की काम झटपट होतं. त्याच बोलण्यात एक दुखरी गोष्टही होती. वॉल्ट आणि रॉय डिस्ने या भावांनी आईवडिलांसाठी घर घेतलं. घर गरम ठेवणाऱ्या यंत्रात बिघाड झाला, विषारी वायू पसरला आणि नोव्हेंबर १९३८मध्ये त्यांची आई फ्लोरा गेली. मुलानं आईला हौसेनं दिलेलं घर. वाचून गलबलतं. पण तारखा जुळत नाहीत. स्नो व्हाइट त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी पडद्यावर आली होती, आणि तिची आई तेव्हाही मेलेलीच होती.

तिला मारलं होतं ते फार आधी, जर्मनीत. लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्खी आई पोटच्या पोरीच्या रूपावर जळते, हे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात बरं दिसत नव्हतं. मग चांगल्या आईला मुलीच्या जन्मासरशी मारलं आणि वाईटपण नव्या बाईच्या पदरात टाकलं. आईचं नाव राखायचं म्हणून आईचा जीव घेतला. हे कळल्यावर मला आमच्या बाहेरच्या खोलीतलं माझं मरण जरा मानाचं वाटायला लागलं.

ग्रिमांच्या सिंडरेलाची आई मात्र मेल्यावरही कामावर असते. लेक तिच्या थडग्यावर फांदी लावते, आसवांनी तिला शिंपते, झाड वाढतं आणि नाचाच्या दिवशी त्याच झाडावरून पक्षी सोन्यारुप्याचा पोशाख खाली टाकतो. म्हणजे पोशाख आईकडून आलेला. डिस्नेच्या स्टुडिओनं ही वाट सोडली आणि शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची १६९७ची गोष्ट धरली. त्यात भोपळ्याची गाडी आहे, काचेचा बूट आहे, झाड नाही.

तरी आई पुरती पुसली गेली नाही. नाचाला जायचं म्हणून सिंडरेला पेटीतून एक गुलाबी पोशाख काढते, तो आईचा. धाटणी जुनी झालेली. ती कामात अडकलेली असताना उंदीर आणि पक्षी मिळून त्याला नवं रूप देतात. मापं घेतात, दोरा ओढतात, फिती लावतात. मला त्या सगळ्या चित्रपटात हा प्रसंग सगळ्यात आवडतो. मग सावत्र बहिणी त्या पोशाखाच्या चिंध्या करतात. मग परी येते, कांडी फिरवते आणि अंगावर नवाकोरा झगमगता पोशाख येतो. पडद्यावर तो रुपेरी पांढरा आहे. दुकानात येईपर्यंत तो निळा झाला. आईचा गुलाबी पोशाख विकायला ठेवलेला मला कधी कुठे दिसला नाही.

दुकानाची गोष्टही अशीच एका पोशाखापासून सुरू होते. २०००च्या सुमाराला अँडी मूनी नावाचे गृहस्थ नाइके कंपनी सोडून डिस्नेच्या वस्तुविक्री विभागाचे प्रमुख झाले. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत ते फिनिक्स शहरात ‘डिस्ने ऑन आइस’चा खेळ बघायला गेले. रांगेत जिकडेतिकडे छोट्या राजकन्या. पण त्यांच्या अंगावरचं काहीच डिस्नेचं नव्हतं. कुठून कुठून जमवलेले राजकन्या-छाप कपडे, जोडजाड करून नटवलेले. ती जोडजाड कोणाच्या हातांनी केली असेल हे मूनींच्या मनात आलं की नाही, ठाऊक नाही. त्यांना त्या रांगेत धंदा दिसला. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या गोष्टींतल्या मुली ‘डिस्ने प्रिन्सेस’ या एका शिक्क्याखाली आल्या. २००१मध्ये या शिक्क्याची जगभरची विक्री ३० कोटी डॉलर होती. २००६मध्ये ती ३०० कोटींवर गेली आणि वस्तूंचे प्रकार २५ हजारांच्या वर पोचले.

त्या सगळ्या जणींचं एकत्र चित्र नीट पाहा. शेजारी शेजारी उभ्या आहेत, पण एकीची नजर दुसरीला भिडत नाही. हे मुद्दाम आहे. प्रत्येकीची गोष्ट वेगळी राहावी म्हणून प्रत्येकीनं आपापल्या दिशेला बघायचं. हे कळल्यापासून मला त्या लिफ्टमधल्या अनोळखी बायकांसारख्या दिसतात.

आईबाप त्या चित्रात नाहीतच. ऑरोराला शाप देणारी मॅलेफिसंट, एरियलच्या गोष्टीतली चेटकीण अर्सुला, आरशावाली राणी यांच्यासाठी मात्र खलनायकांचा वेगळा शिक्का आहे. त्यांचे कप मिळतात, टीशर्ट मिळतात. सावत्र आई विकली जाते, सख्खीला गिऱ्हाईक नाही. अर्थात सख्खी आई या व्यवहारात नाही असं तरी कसं म्हणू? ती आहे की, काउंटरच्या अलीकडे, पाकीट उघडून उभी. खोक्याच्या पुढच्या बाजूचं चित्र लेकीसाठी असतं. मागच्या बाजूला आत्मविश्वास, कल्पनाशक्ती वगैरे जे छापलेलं असतं ते वाचता न येणाऱ्या मुलीसाठी नक्कीच नसतं.

बापांना जिवंत ठेवलंय, पण घरातलं मोठं माणूस म्हणून क्वचितच. बेलचा बाप भाबडा संशोधक, त्यालाच सांभाळावं लागतं. जास्मिनचा सुलतान खेळण्यांचे मनोरे रचत बसतो, आणि राजपुत्राशीच लग्न करायचा कायदा शेवटच्या पाच मिनिटांत एका वाक्यात बदलून टाकतो. मग इतका वेळ काय झोपला होतास, असं मला दर वेळी ओरडावंसं वाटतं. एरियलच्या बापाची, ट्रायटनची गोष्ट निराळी. तो रागाच्या भरात एरियलनं जमवलेल्या सगळ्या वस्तू फोडून टाकतो आणि मग तिला रडताना बघून त्याचा चेहरा उतरतो. मी एकदा लेकीचा बाटल्यांच्या झाकणांचा डबा कचऱ्यात टाकला होता. माझ्या हातात त्रिशूळ नव्हता, एवढाच फरक. आणि मुलानचा बाप. १९९८चा. लेक सम्राटानं दिलेली तलवार आणि मानचिन्ह घेऊन दारात येते, तो ते दोन्ही बाजूला पडू देतो आणि तिला मिठीत घेतो. (मुलान ना राजाच्या घरात जन्मली, ना राजपुत्राशी तिचं लग्न झालं. तरी ती राजकन्यांच्या रांगेत आहे. आणि रांगेत तिला पुष्कळदा तोच पोशाख घालतात, जो लग्न जुळवणाऱ्या बाईपुढे जाताना घातला म्हणून चित्रपटात तिचा जीव गुदमरला होता.)

आईकडे परत येते. २०१०च्या ‘टँगल्ड’मध्ये रॅपुन्झेलचे खरे आईबाप आहेत, राजा आणि राणी. दर वर्षी हरवलेल्या लेकीच्या वाढदिवसाला आकाशात दिवे सोडतात. सोडण्याआधी राजाच्या डोळ्यात पाणी येतं आणि राणी ते पुसते. सुंदर प्रसंग आहे, मी दर वेळी रडते. पण संपूर्ण चित्रपटात त्या दोघांना संवाद नाही. एकही. बोलते ती गॉथेल, रॅपुन्झेलला पळवून आणून मनोऱ्यात कोंडणारी, तिची आई म्हणवून घेणारी. आणि काय बोलते! बाहेरचं जग वाईट, तुला जमायचं नाही, जरा जाडी झालीस, अगं गंमत केली, माझं तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम आहे. हे बोल आले कुठून? दिग्दर्शकांनी स्टुडिओतल्या बायकांना विचारलं होतं, तुमच्या आईचं काय खुपायचं? त्यांची उत्तरं गॉथेलच्या अंगी लावली.

म्हणजे खऱ्या आयांचं खरं बोलणं गेलं खलनायिकेच्या तोंडी, आणि खऱ्या राणीच्या वाट्याला आली शालीन शांतता. इथे मला माझ्या मरणाचा अर्थ लागला. या गोष्टींत आईला चांगलं राहायचं तर दोनच सोयी आहेत, मेलेली किंवा मुकी. तोंड उघडलं की सावत्र.

दोन भाषाशास्त्रज्ञ बायकांनी, कार्मेन फॉट आणि कॅरन आयझनहावर यांनी, या चित्रपटांतले संवाद मोजले. १९५९च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त ७१ टक्के बोलणं बायकांचं आहे, आणि त्या बायका म्हणजे मुख्यतः मावश्या आणि शाप देणारी. ‘लिटल मर्मेड’मध्ये ६८ टक्के बोलणं पुरुषांकडे गेलं, ‘अलादीन’मध्ये ९० टक्के. मग २०१२चा ‘ब्रेव्ह’ येतो आणि बायकांचा वाटा एकदम ७४ टक्के होतो. कारण उघड आहे. त्यात आई आहे आणि ती बोलते.

‘ब्रेव्ह’बद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. ब्रेंडा चॅपमन यांनी ही गोष्ट स्वतःच्या लेकीवरून रचली. अर्ध्या वाटेत दिग्दर्शन त्यांच्याकडून काढून मार्क अँड्र्यूज यांना दिलं गेलं; ऑस्कर मिळालं तेव्हा नावं दोघांची लागली. राणी एलिनॉर आणि तिची मेरिडा यांचं भांडण मी इतक्या वेळा घरात ऐकलंय की मला दोघींचे संवाद पाठ आहेत. सरळ उभी राहा, राजकन्या असं हसत नाही, शस्त्र टेबलावर नको. मेरिडा चिडून भिंतीवरच्या विणलेल्या चित्रात आई आणि स्वतः यांच्या मधोमध तलवार फिरवते. एलिनॉर तिचं धनुष्य आगीत टाकते आणि लगेच, लगेच, ते काढायला धावते. तो पश्चात्ताप ज्यानं काढला त्याच्या घरी मूल असणार.

आणि मग या बोलत्या आईचं काय होतं? ती अस्वल होते. वाचा जाते. अर्धा चित्रपट ती गुरगुरते, खाणाखुणा करते, जंगलात बसून काटक्यांचे काटे-चमचे करून रानफळं खाते. मी आधी वैतागले. म्हटलं, झालं, हिचंही तोंड बंद केलं. पण पुढे दरबाराचा प्रसंग आहे. मेरिडा सरदारांपुढे उभी, मागे अंधारात अस्वल. अस्वल हातवारे करतं आणि मेरिडा ते शब्दांत मांडत जाते, की मुलांनी आपलं लग्न आपल्या मनानं करावं, ही रीत मोडावी. आयुष्यभर रीत शिकवलेली आई लेकीच्या तोंडून रीत मोडते. आईची वाचा जाऊनही तिचंच बोलणं ऐकू येतं, असा हा एकच चित्रपट मला ठाऊक आहे. शेवटी मेरिडा ते फाडलेलं चित्र धावत्या घोड्यावर बसून शिवते. टाके वाकडेतिकडे.

जाहिरातींत यातलं काही नव्हतं. लाल कुरळ्या केसांची पोरगी, धनुष्य, तीन स्थळं. आई अस्वल होते ही मूळ गोष्टच जाहिरातींनी झाकून ठेवली. मग मे २०१३मध्ये मेरिडाला समारंभपूर्वक राजकन्यांच्या रांगेत घेतलं. त्यासाठी तिचं नवं चित्र काढलं: कंबर बारीक, केस वळणदार, गळा उतरता, कापडावर चमचम, धनुष्य गायब. पडद्यावर आईनं कोंबलेला आवळ पोशाख ती बाण सोडताना शिवणीतून उसवते. तसलाच पोशाख तिला पुन्हा चढवला. चॅपमन यांनी उघड निषेध केला, विरोधी अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या पडल्या. एलिनॉर अस्वल होऊन जे शिकली ते विक्री विभागाला जमलं नाही.

‘फ्रोझन’ला (२०१३) मी थोडक्यात उरकते, कारण तो मला बोचतो. एल्साचे आईबाप दुष्ट नाहीत, घाबरलेले आहेत. दारं लावून घेतात, तिच्या हातात मोजे चढवतात, वाटतंय ते दिसू देऊ नकोस म्हणतात आणि समुद्रात बुडून जातात. मोजे तसेच राहतात. ‘लोकांसमोर असं करायचं नाही’ हे माझं रोजचं वाक्य आहे.

२०१८मध्ये त्यांनी स्वतःचीच थट्टा केली. ‘राल्फ ब्रेक्स द इंटरनेट’मध्ये सगळ्या राजकन्या एका खोलीत जमल्यात. एक नवी मुलगी म्हणते की मला आईच नाही. लगेच उत्तर येतं, आम्हालाही नाही! प्रेक्षक हसतात. मीही हसले. मग मोजायला लागले. खोलीत मेरिडा आहे, मुलान आहे, टियाना आहे, रॅपुन्झेल आहे, ऑरोरा आहे, मोआना आहे. सगळ्यांच्या आया जिवंत. ज्यांनी त्या आया काढल्या त्यांच्याही लक्षात राहिल्या नाहीत, किंवा विनोदासाठी विसरणं सोयीचं पडलं. त्यात मोआनाची आई सीना, जी रात्री लेकीला चोरून सामान बांधताना पकडते आणि एक शब्द न बोलता गाठोडं बांधायला बसते. ही एक गप्प आई मला पटते.

मी काही घरात बंदी वगैरे घातली नाही. निळा पोशाख आमच्याकडेही आला, वाढदिवसाला, मीच आणला. अंगाला टोचणारा, घरभर चमकी सांडणारा. लेक त्यात झोपायची. वर्षभरात तो गुडघ्यांच्या वर गेला. नवा घेणार नाही असं मी सांगितलं आणि माझ्या एका जुन्या गुलाबी कुडत्याची पट्टी काढून खाली झालर लावली. मला शिवण येत नाही. रात्री दोन तास लागले, टाके मेरिडाच्या वरताण.

सकाळी तिनं तो उलटसुलट करून पाहिला. ‘खोक्यावर असं नाहीये.’

‘माहितीये.’

‘हे कोणी लावलं?’

‘मी.’

ती बराच वेळ त्या झालरीवरून बोट फिरवत राहिली. पोशाख घातला, गिरकी घेऊन बघितली. मग भूमिका वाटायला बसली. बाबा घोडा. मी सवयीनं उठून कोपऱ्याकडे निघाले, पुस्तक हातात घेऊन.

‘आई, कुठे चाललीस? आज तू मेली नाहीस.’

‘मग?’

‘आज तू उंदीर.’

‘कुठला? जॅक का गस?’

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ‘गस. आणि जास्त बोलायचं नाही हं. गसला नीट बोलता येत नाही.’